भिंतीवरची पीकपाहणी

कृषी सहायक म्हणून माझी बरीच वर्षं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात गेली. एकदा एका वारली पाड्यावर नागलीची, म्हणजे नाचणीची, माहिती घ्यायला गेलो, तर त्या घरात नुकतंच लग्न झालेलं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लग्नाचा चौक, मधोमध पालघट देवी. चौकाच्या बाजूला खाचरात वाकलेल्या बायका आवणी करत होत्या. त्यांच्या वर तिरपा उतार आणि त्यावर मूठ आवळल्यासारखी कणसं.

“हे भातच ना?” मी विचारलं.

“भात खाली, साहेब,” घरातल्या आजी म्हणाल्या. “वर नागली. तिच्या वर वरई.”

वरईचे लोंबते तुरे मला तोवर दिसलेच नव्हते. त्या घराने वरई पेरणं कधीच सोडलं होतं. भिंतीवर मात्र ती होती. माझ्या हातातल्या तक्त्यात तिच्यासाठी रकानासुद्धा नव्हता.

वारली बायका चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण लिहिलेलं म्हणजे नोंद. वरकस उतारावर एका वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे जमीन पडीक, ही फेरपालट त्यांना तोंडपाठ. पण यातली कितीतरी जमीन सरकारदप्तरी वनजमीन. कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून पीकपाहणीत त्याचं पीक नाही. अशा कसणाऱ्यांना हक्क देणारा वनहक्क कायदा आला 2006 साली. त्याआधीच्या पिढ्यांनी डोंगरावर काय पिकवलं हे शोधायचं, तर माझ्या मते या भिंती वाचायला हव्यात. पांढरा रंगही काही सांगतो: रोज नागलीची भाकर खाणाऱ्या घरातही चौकाला पीठ तांदळाचंच लागतं.

चित्र म्हणजे मोजणी नव्हे, हे मान्य. त्यात रीत असते, लिहिणारीची आवड असते. पण कणसरीला धान्याची देवी मानणारी बाई कणसाचा आकार उगाच बदलत नाही.

1970च्या दशकात ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली; त्याचा मला अभिमान आहे. पण साड्यांवर आणि चहाच्या कपांवर उरला तो तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच. नागली-वरईतला फरक तिथे कोणाला हवा आहे? इकडे कुडाच्या भिंती जाऊन सिमेंटच्या येत आहेत, आणि जी कुडाची आहे ती पुढच्या सारवणात पुसली जाते.

म्हणून कलाशाळांच्या मुलांना आणि कृषी महाविद्यालयांना माझी विनंती आहे. या लग्नसराईत पाड्यावर जाल तेव्हा घरच्यांना विचारून भिंतीचा फोटो घ्या. आणि जिने चौक लिहिला तिच्याजवळ बसून प्रत्येक कणसाचं नाव विचारा. गाव, तारीख, पीक आणि ते खाचरातलं की उतारावरचं, एवढं फोटोमागे लिहून ठेवा.