रोपांचा हिशेब, बियाण्याचे गोत्र

महाराष्ट्रात वृक्षलागवडीची चर्चा आकड्यांपासून सुरू होते आणि आकड्यांपाशीच संपते. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी शासनाच्या उद्दिष्टांची चढती भाजणी होती. यांतील किती रोपे जगली यावरून पुढे वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची घोषणा झाली. रोपे किती, पैसा कोठे गेला, हे प्रश्न रास्तच होते. परंतु ज्या बियांपासून ही रोपे तयार झाली, त्या बिया कोणत्या झाडांच्या, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. कोरडवाहू मुलखाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजाचा परिसर उदाहरणादाखल घेता येईल. गावाचे नाव किन्हई या वृक्षाची आठवण करून देणारे. भोवतालचा मुलूख मात्र सोयाबीन आणि तुरीचा, पावसाच्या भरवशावरचा. सोयाबीनचे बी उगवले नाही, तर दुबार पेरणी करता येते; फार तर एक हंगाम बुडतो. बांधावर लावलेले सागाचे रोप मुळातच वाकड्या, खुरट्या वाणाचे असेल, तर ते ध्यानात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याची उमेद सरलेली असते.

एकाच जातीची सारी झाडे सारखी नसतात, हे वऱ्हाडातील जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याने बाभळीतही तेल्या, वेडी आणि रामकाठी असा भेद केला. तेल्याचे टणक लाकूड गाडी आणि औतांसाठी. वेडीचे कमी प्रतीचे. तर खराट्यासारखी उभी वाढणारी रामकाठी पिकावर सावली कमी धरते म्हणून बांधाला सोयीची. वनस्पतिशास्त्रानेही बाभळीचे असे उपप्रकार मान्य केले आहेत.

मात्र दोन झाडांतील फरक रक्ताचा की मातीचा, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी निरनिराळ्या प्रदेशांतून, प्रत्येक मातृवृक्षाचे बी वेगळे राखून गोळा करायचे आणि ती रोपे एकाच जमिनीत शेजारी शेजारी वाढवायची. पाणी आणि माती सारखी असताना जो फरक उरतो, तो आनुवंशिक. अशा चाचण्यांतून एक गोष्ट वारंवार दिसते. उंची आणि घेर यांवर परिस्थितीचा प्रभाव मोठा असतो, तर लाकडाची घनता बरीचशी वारशाने येते. म्हणजे घट्ट लाकडाचे मातृवृक्ष निवडले, तर तो गुण पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता अधिक.

आफ्रिकेतील नायजर या देशात आपल्या शमीच्या कुळातील एका वृक्षावर असे प्रयोग झाले. कोरड्या चाचणीक्षेत्रात अधिक कोरड्या भागांतून आणलेले वाण सरस ठरले. भारतात भद्राचलम येथील कागद उद्योगाने निवडक निलगिरीच्या कलमांतून उत्पादन कितीतरी वाढवून दाखवले. अर्थात एकाच झाडाची लाखो कलमे लावली, तर एखादा रोग सारे रान उजाड करू शकतो. म्हणून निवड हवी, तसे वैविध्यही हवे.

विदर्भाच्या सागाचा लौकिक मोठा आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या भरघोस पावसात पोसलेल्या सागाचे बी वाशीमच्या उथळ, मुरमाड जमिनीत तसेच फळेल, असे गृहीत धरता येत नाही. ते तपासावे लागते.

व्यवस्थेची उणीव येथेच आहे. १९६६ चा बियाणे कायदा शेतपिके डोळ्यांसमोर ठेवून झाला. वनवृक्षांच्या बियांना त्याचे संरक्षण लाभले नाही. २०१४ च्या राष्ट्रीय कृषी वानिकी धोरणाने दर्जेदार रोपांच्या टंचाईची दखल घेतली खरी. पण गावच्या रोपवाटिकेतील पिशवीवर बियांचा उगम लिहिलेला असावा, एवढी साधी शिस्तही अद्याप सर्वत्र रुळलेली नाही. वाटेवरच्या, हाताला येणाऱ्या एखाद-दुसऱ्या झाडाचे बी गोळा करणे सोपे असते. मात्र अशा मोजक्या झाडांच्या संततीत वैविध्य तोकडे पडते.

उपाय अवाढव्य नाहीत. परस्परांपासून दूर असलेले पंचवीस-तीस जातिवंत मातृवृक्ष प्रत्येक जातीसाठी जिल्ह्यातच हेरून राखता येतील. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था यांच्या मदतीने भारी, मध्यम आणि हलक्या जमिनींवर छोटी चाचणीक्षेत्रे उभारता येतील.

यात दिरंगाई परवडणारी नाही. ट्रॅक्टर आला, बैलगाडी मागे पडली आणि बांधावरच्या तेल्या बाभळीचे मोल उतरले. कित्येक पिढ्यांचे दुष्काळ सोसून टिकलेले जुने झाड कुऱ्हाडीखाली जाते, तेव्हा त्याच्यासोबत त्याचा अनमोल वारसाही जातो. पुढील लागवडीचे उद्दिष्ट ठरवताना रोपांच्या संख्येपुढे त्यांच्या बियांचा उगमही नोंदवला गेला, तरच त्या आकड्याला अर्थ राहील.