वसतिगृहांचे नूतनीकरण : रंगाआधी खांबांकडे पाहा

जबलपूर हे मध्य भारतातील जुने शैक्षणिक केंद्र आहे. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये, आज राणी दुर्गावतींच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ १९५६ मध्ये, तर कृषी विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झाले. अशा जुन्या संस्थांच्या वसतिगृहांच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा खोल्यांची संख्या, फरशी आणि रंगकाम यांभोवतीच फिरते. जबलपुरात मात्र पहिला प्रश्न इमारतीच्या बळकटीचा असायला हवा.

२२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने या शहराला झोपेतच गाठले. सुमारे चाळीस जणांचा बळी गेला. मातीविटांच्या घरांबरोबर काँक्रीटच्या काही बहुमजली इमारतींचेही नुकसान झाले. अभियंत्यांच्या पाहणीत एक दोष ठळकपणे पुढे आला, तो वाहनांसाठी मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्याचा. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो; खाली केवळ खांब असल्याने हादऱ्याचा ताण त्यांच्यावर एकवटतो. २००२ च्या भारतीय मानकाने अशा मजल्यातील खांब व तुळया अडीचपट बलासाठी आखण्याची तरतूद केली. त्याआधीच्या इमारतींना हे संरक्षण आपोआप लाभलेले नाही.

जुनी इमारत पाडण्यावाचून गत्यंतर नाही, असे मात्र नव्हे. खांबांभोवती नव्या सळयांसह काँक्रीटचे आवरण चढविणे, मोकळ्या तळमजल्यात योग्य ठिकाणी भिंती बांधणे हे उपाय उपलब्ध आहेत. काँक्रीटच्या जुन्या इमारतींची तपासणी व मजबुतीकरण यांसाठी २०१३ पासून स्वतंत्र मानकही आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात पुनर्बांधणीबरोबरच उभ्या घरांच्या मजबुतीकरणाचे कामही हाती घेण्यात आले होते.

कामांचा क्रम येथे निर्णायक ठरतो. खांब मजबूत करताना गिलावा आणि फरशी उखडावीच लागते. म्हणून आधी रंगरंगोटी करणे म्हणजे तोच खर्च दोनदा करणे होय. भिंती उघडल्या असतानाच वीजवाहिन्या, जलवाहिन्या बदलता येतात आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याला अनुसरून उतार व स्वच्छतागृहेही करता येतात. काम एकेका विभागात टप्प्याटप्प्याने केल्यास सर्वच विद्यार्थ्यांना बाहेर खोल्या शोधण्याची वेळ येणार नाही.

बळकट केलेला खांब उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही. म्हणूनच निधी मंजूर करतानाच संरचना तपासणीच्या अहवालाची अट घालणे अगत्याचे आहे. मुले वसतिगृहात धाडणाऱ्या पालकांनी निदान एवढी अपेक्षा बाळगणे वाजवीच आहे.