लक्ष आपले, कमाई कोणाची?



परवा आम्ही एका स्नेह्यांकडे गेलो होतो. लहानशी खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, घरात पाच माणसे. म्हातारी आजी गुडघ्याचे दुखणे सांगत होती आणि बाकीचे मोबाईलवरून नजर न काढता नुसते ‘हं, हं’ करीत होते. नावे कोणाला ठेवायची? आमच्याही घरी हेच चालते.

मोबाईलवरची करमणूक फुकट आहे असे आपण समजतो. जरा हिशेब पाहू. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या २०२३ सालच्या उत्पन्नात ९७ टक्क्यांहून अधिक पैसा जाहिरातींचा होता. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरातदार आणि विकला जाणारा माल आपले लक्ष! माणूस जितका वेळ खिळून राहील तितकी कमाई. राग आणि भीती माणसाला लवकर खिळवतात, म्हणून भडकवणारा मजकूर भराभर पसरतो आणि समजावून सांगणारा मागे पडतो.

याची किंमत गरीब मोजतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्या गरिबांचे म्हणणे ऐकून घ्यायला जमावाला सवड नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण मनाची मर्यादा कंपनी कशी घालणार?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, सामाजिक लोकशाहीच्या पायाविना राजकीय लोकशाही टिकणार नाही. त्या पायात स्वातंत्र्य व समतेबरोबर बंधुताही आहे. शेजाऱ्याचे ऐकायलाच वेळ नसेल तर बंधुता येणार कोठून? आणि मत देण्याआधी ते विचाराने बनणार कसे?

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपले लक्ष आपल्या ताब्यात ठेवणे हीच सम्यक स्मृतीची सुरुवात होय.

म्हणून विनंती एवढीच. रात्री जेवताना आणि रविवारी विहारात वंदनेच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा. खात्री झाल्याशिवाय कोणताही मजकूर पुढे पाठवू नका. आणि आज घरी गेल्यावर आजीचे दुखणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!