ट्रायग्लिसराइडची गोळी फेकण्याआधी


‘ट्रायग्लिसराइडच्या गोळ्या सरसकट बंद करा’ हा आपल्या एका वाचकाचा सल्ला वाचून काळजी वाटली. दुष्परिणाम खरे आहेत. फेनोफायब्रेट सुरू केल्यावर माझ्या यजमानांचं क्रिएटिनिन वाढलं; डॉक्टरांनी गोळी थांबवली, मग ते पूर्ववत झालं. जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन एकत्र घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. पण ट्रायग्लिसराइडची पातळी ५०० च्या वर, विशेषतः १००० पलीकडे गेली, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. अशा माणसाने मनाने गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं.

दीडशे ते पाचशेमधल्यांची गोष्ट वेगळी. २०२२ च्या ‘प्रॉमिनंट’ चाचणीत मधुमेही रुग्णांचे ट्रायग्लिसराइड पेमाफायब्रेटने उतरले, हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. तेव्हा नुसता आकडा खाली आणण्यासाठी गोळी नको, हे त्या वाचकाचं म्हणणं मला पटतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र त्यांनी निर्धास्त सुचवल्या आहेत. मोठ्या मात्रेत त्या घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

आमच्याकडे यजमानांची दारू पूर्ण सुटली, चहातली साखर गेली, दुसऱ्यांदा भात घेणं बंद झालं, रोज पाऊण तास चालणं सुरू झालं. थायरॉइड तपासला, तोही बिघडलेला निघाला! त्यावर उपचार झाले आणि सहा महिन्यांत पातळी ३४० वरून १८० वर आली.

ते पत्र वाचून कोणी गोळी बंद केली असेल, तर कृपया आजच आपल्या डॉक्टरांना कळवावं.

— एक वाचक, सातारा