आजीचं ‘अंदाजानं’

‘आजी, मीठ किती घालू?’
‘अंदाजानं घाल गं!’
झालं, संपलं संभाषण! फोनवरून रेसिपी विचारणाऱ्या प्रत्येक नातवंडाचा इथेच पोपट होतो.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याची मापं दिली आणि नवशिक्यांची मोठी सोय झाली. पण तुमच्या आजीच्या चिमटीचं माप कुठल्याच पुस्तकात नाही. ते हवं असेल तर ओट्यापाशी तिच्या शेजारीच उभं राहायला हवं.

मान्य, डोंबिवलीकरांना वेळ कुठे? सकाळी फास्ट लोकल, रात्री येताना पोळी-भाजी केंद्र झिंदाबाद! म्हणूनच या वीकेण्डला करून बघा वालाचं बिरडं, ठाण्या-कल्याणच्या सीकेपी घरांची शान. शुक्रवारी रात्री कडवे वाल भिजत घाला. शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. रविवारी मोड आले की कोमट पाण्यात टाका आणि आजीसोबत सोलायला बसा. चिमटीत दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर!

काम कंटाळवाणं आहे, आणि हीच त्यातली गंमत. हात ओले, त्यामुळे मोबाइल लांब. मग आजी आपोआप बोलायला लागते. गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीत आल्यावर पाण्याचे काय हाल होते, सासूबाईंनी पहिलं बिरडं कसं नापास केलं, वगैरे वगैरे.

आणि शिकवणी एकतर्फी नसते बरं का! नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्याकडे नातू यश पाठकनं पावभाजीचा हट्ट धरला. त्यातूनच ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल सुरू झालं आणि २०२०मध्ये लाखो लोकांपर्यंत पोहोचलं. चव आजीची, कॅमेरा नातवाचा!

तुम्हाला चॅनल काढायची गरज नाही. फक्त एक आयडिया वापरा. आजी मीठ, तिखट, गूळ घालायला गेली की तिचा हात थांबवा. आधी ते तुमच्या चमच्यात पडू दे, मग कढईत. माप वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. आमसूल कधी पडलं, खोबरं किती, तेही लिहा.

कारण हा ‘अंदाज’ कुठेही विकत मिळत नाही. आजी आहे तोवरच तो आहे. तेव्हा शुक्रवारी येताना पाव किलो वाल घेऊन या!