प्रशिक्षक नवा, पण सामने कुठून आणणार?

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. पदासाठी १७० अर्ज आले होते. त्यांतून शेवटी तीन नावे उरली आणि स्टीफन कॉन्स्टंटाइन व स्तेफान तार्कोविच या दोन परदेशी प्रशिक्षकांना मागे टाकून मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा माणूस राष्ट्रीय संघाचा प्रमुख झाला. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हा मान एका भारतीयाला मिळाला. त्याचे स्वागत व्हायलाच हवे होते आणि झालेही. पण त्या स्वागतात एक जुने पालुपद होते, जे हौटन, कुवरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केस या सगळ्यांच्या वेळी ऐकू आले होते: आता तरुणांना संधी मिळणार, नवा संघ घडणार. प्रशिक्षक बदलला की ही अपेक्षा नव्याने त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि दोन वर्षांनी ती पुरी झाली नाही म्हणून त्याला निरोप द्यायचा, असा आपला शिरस्ता आहे. हा शिरस्ता चुकीच्या समजुतीवर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक खेळाडू निवडतो, त्यांची जुळणी करतो, सामना लावतो. खेळाडू घडवणे हे त्याचे काम नाही, आणि ते त्याच्यावर ढकलल्यामुळे ज्यांचे ते काम आहे ते सगळे नामानिराळे राहतात.

विरोधी बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याच्या मैदानावर छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही भारत सिंगापूरकडून १–२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने १–० असे हरवले. बावीस वर्षांत त्यांनी भारतावर मिळवलेला हा पहिला विजय, आणि गोल केला विशीच्या उंबरठ्यावरच्या शेख मोरसालिनने. पात्रता फेरीतल्या पहिल्या पाच सामन्यांत एकही विजय नाही, फिफाच्या नोव्हेंबरातल्या क्रमवारीत १४२ वे स्थान, आणि संघाची आशा होती ती निवृत्तीतून परत बोलावलेल्या एक्केचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीवर! तेव्हा प्रश्न असा केला जातो की आता गमावण्यासारखे उरले काय? नौशाद मूसा यांचा तेवीस वर्षांखालील संघ सप्टेंबरमध्ये बहारीनला २–० असा हरवून आला होता. ती सगळी मुले उचला, वरिष्ठ संघात घाला, दोन वर्षे पराभव सोसा, म्हणजे २०३१ च्या आशियाई चषकापर्यंत संघ तयार होईल.

युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. अडचण अशी की हा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. २५ मार्च २०२१ रोजी दुबईत ओमानविरुद्ध इगोर स्टिमाच यांनी एकाच सामन्यात दहा जणांना पदार्पण करू दिले. सामना १–१ असा सुटला आणि टाळ्या पडल्या. चारच दिवसांनी संयुक्त अरब अमिरातीने ०–६ असा धुव्वा उडवला. पण मला त्या दोन निकालांपेक्षा त्या दहा नावांचे पुढे काय झाले हे जास्त बोलके वाटते. आकाश मिश्रा, आपुइया, सुरेश वांगजाम, जीक्सन सिंग हे त्यानंतरची काही वर्षे संघाचा कणा होऊन राहिले. हे चौघेही त्या हंगामात आपापल्या क्लबांकडून नियमित खेळत होते. आकाश तर हैदराबादसाठी जवळजवळ प्रत्येक सामना पूर्ण खेळला होता आणि आपुइया लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला होता (त्या हंगामाच्या उत्तरार्धात त्याच्या क्लबची, नॉर्थईस्ट युनायटेडची, सूत्रे खालिद जमील यांच्याच हाती होती, हे जाता जाता). याच दहा जणांत ईशान पंडिता हा आघाडीपटूही होता. क्लबकडून त्याला बहुतेक वेळा शेवटची काही मिनिटे मिळत, त्या मिनिटांत तो गोलही करी, आणि पुढच्या सामन्यात पुन्हा बाकावर बसे. राष्ट्रीय संघाची ‘संधी’ या पाचही जणांना सारखीच मिळाली, पण टिकले ते ज्यांच्या पाठीशी क्लबचे सामने होते.

आता मुळात आपल्याकडे पोरे चांगली निघत नाहीत, असा एक आक्षेप असतो. तो पुराव्यापुढे टिकत नाही. २०१८ मध्ये बिबियानो फर्नांडिस यांच्या सोळा वर्षांखालील संघाने आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि दक्षिण कोरियाकडून केवळ एका गोलने हार पत्करली. त्याच वर्षी फ्लॉइड पिंटो यांच्या वीस वर्षांखालील मुलांनी स्पेनमध्ये दहा खेळाडूंनिशी अर्जेंटिनाला २–१ असे हरवले. आणि ढाक्यातल्या पराभवानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ३० नोव्हेंबर २०२५ ला, बिबियानो यांच्याच सतरा वर्षांखालील संघाने अहमदाबादेत इराणवर २–१ अशी मात करून आशियाई चषक गाठला. ज्या इराणकडून वरिष्ठ संघ ऑगस्ट अखेरीस सुरू झालेल्या मध्य आशियाई स्पर्धेत ०–३ असा हरला होता, तोच हा देश. सतराव्या वर्षी बरोबरीने खेळणारा मुलगा तेविसाव्या वर्षी चार पावले मागे पडलेला असतो, म्हणजे गळती मधल्या सहा वर्षांत आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक उभा असतो त्या सहा वर्षांच्या पलीकडच्या टोकाला. जे गळून उरले, ते त्याच्या हाती येते.

त्या सहा वर्षांत काय होते याचा सगळ्यात ठसठशीत नमुना आघाडीपटूंचा आहे. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी खेळाडू खेळवता येत, २०१७ पासून पाच आणि २०२१ पासून चार. आकडा उतरला, पण क्लबांनी ते परदेशी लावले कुठे? मुख्यतः गोल करण्याच्या जागी, कारण प्रशिक्षकाची नोकरी गोलांवर टिकते. परिणाम असा की २०२४–२५ च्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक, म्हणजे चौदा गोल केले ते चाळीस वर्षांच्या छेत्रीने. २०२४ च्या जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया या तिघांविरुद्ध एकही गोल करू शकला नाही. खालिद यांच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला २–१ असे हरवले तेव्हा दोन्ही गोल कोणी केले? अन्वर अली आणि संदेश झिंगन, दोघेही बचावपटू. छेत्रीला परत बोलावले म्हणून आधी मार्केस यांच्यावर आणि मग खालिद यांच्यावर टीका झाली, पण टीकाकारांनी त्याच्या जागी घ्यायचे कोणाला ते नाव मात्र सांगितले नाही. सांगणार तरी कुठून? त्या जागेवर क्लबांत मुले उभीच केलेली नाहीत.

यावर कोणी म्हणेल की मग महासंघानेच स्वतःचा तरुणांचा संघ काढावा. काढला होता, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट आधार तिथेच मिळतो. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्या संघातली व जवळपासच्या वयाची मुले ‘इंडियन ॲरोज’ या नावाने थेट आय-लीगमध्ये उतरवली गेली. एकही परदेशी नाही, पदावनतीची टांगती तलवार नाही, समोर मात्र मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे पक्के संघ. पहिल्या हंगामात ही मुले तळाला राहिली आणि हा पैशांचा अपव्यय आहे अशी ओरड झाली. पण आठ वर्षांनी पाहा. ताजिकिस्तानविरुद्धचा पहिला गोल करणारा अन्वर अली ॲरोजचा, सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून देणारा रहीम अली ॲरोजचा, आणि जीक्सन, सुरेश, आपुइया हेही तिथलेच. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच तुकडीत होता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते, तरी त्या गावातून राष्ट्रीय पातळीवर पोचलेली नावे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अनिकेतला जी वाट मिळाली ती ॲरोजने दिलेल्या सामन्यांची होती. महासंघाने २०२२ मध्ये ॲरोज बंद केला. आज जे फळ आपण खातो आहोत ते आठ वर्षांपूर्वीच्या मिनिटांचे आहे, आणि तेव्हाच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

स्पेनचा दाखला हमखास पुढे येतो. लुइस दे ला फुएंते यांनी लामिन यमालला सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात घेतले, २०२४ च्या युरो अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो सतरा वर्षांचा झाला आणि स्पेन जिंकला. मग आपला प्रशिक्षक असे धाडस का करत नाही? कारण यमाल त्या स्पर्धेला आला तो बार्सिलोनाकडून पुरा एक हंगाम खेळून. दे ला फुएंते यांनी धाडस केले खरे, पण ते तयार झालेल्या खेळाडूबाबत. या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे ते वेगळेच, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. दे ला फुएंते यांनी स्पेनच्या एकोणीस वर्षांखालील संघाला २०१५ मध्ये आणि एकवीस वर्षांखालील संघाला २०१९ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवून दिले होते. वरिष्ठ संघातले निम्मे खेळाडू त्यांना कोवळ्या वयापासून ठाऊक होते. कोण कुठल्या जागी खेळू शकतो हे त्यांना शिबिरात शोधावे लागले नाही.

इथे खालिद यांच्या समर्थकांशीही माझे भांडण आहे. ‘आपला माणूस आहे, त्याला आपली पोरे कळतात’ हे म्हणणे भावनेला पटते, पण त्यातून धोरण निघत नाही. त्यांचे टीकाकार मात्र जास्त चुकतात. खालिद बचावात्मक, जुनाट फुटबॉल खेळवतात, त्यांच्या हाताखाली तरुण काय फुलणार, असे ते म्हणतात. २०१६–१७ चे आयझॉल आठवावे. आदल्या हंगामात पदावनत झालेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे परत घेतला गेलेला हा संघ खालिद यांनी मोहन बागानच्या एका गुणाने पुढे नेऊन आय-लीगचा विजेता केला. त्यांच्या हाताशी होते लालरामचुल्लोवासारखे मिझो पोरगे, मुंबई एफसीतून त्यांच्याबरोबर आलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता, आणि अल आम्ना व कामो हे परदेशी. त्यांनी कोणालाही वयासाठी घेतले नव्हते. प्रत्येकाला एकेक ठरावीक काम होते आणि ते काम तो आठवड्यामागून आठवडे करत राहिला. ताजिकिस्तानविरुद्धही हेच दिसले: मुहम्मद उवैसचे पदार्पण झाले तेव्हा तो काही कोवळा पोर नव्हता, पण त्याच्याकडे लांब थ्रो-इन होते आणि पाचव्याच मिनिटाला त्याच थ्रोमधून अन्वरचा गोल आला. ही नजर क्लबच्या प्रशिक्षकाची आहे आणि ती मोलाची आहे. फरक इतकाच की क्लबमध्ये खालिद यांना मुले रोज मिळत होती, राष्ट्रीय संघात ती एका वेळी आठ-दहा दिवसांसाठी मिळतात. तीही क्लबची मर्जी असेल तर. फिफाने नेमून दिलेल्या दिवसांबाहेर खेळाडू सोडण्याचे बंधन नाही, म्हणून मध्य आशियाई स्पर्धेच्या शिबिराला मोहन बागानने खेळाडू दिले नाहीत. तो त्यांचा हक्क होता, त्याबद्दल दात-ओठ खाण्यात अर्थ नाही. अशा तुटपुंज्या दिवसांत ओमानविरुद्ध १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर तिसरा क्रमांक मिळवणे हे उत्तम प्रशिक्षणाचे काम होते. त्याला ‘पुनर्बांधणी’ म्हणणे ही अतिशयोक्ती होती, आणि पुढच्याच महिन्यात ती उघडी पडली.

तर मग नव्या प्रशिक्षकाने तरुणांबाबत काहीच करू नये काय? करावे, पण त्याच्या हातात असलेले. मूसा यांचा तेवीस वर्षांखालील संघ आणि वरिष्ठ संघ एकाच पद्धतीने, एकाच जागांच्या व्याख्येने खेळावेत, त्यांची शिबिरे एकत्र व्हावीत, म्हणजे वर येणाऱ्या मुलाला शिबिराचे पहिले चार दिवस भाषा शिकण्यात घालवावे लागणार नाहीत. आपल्याला कुठल्या जागी कोणत्या गुणांचा खेळाडू हवा आहे हे खालिद यांनी क्लबांना जाहीरपणे सांगावे. बाकीचे काम महासंघाचे आणि लीगचे आहे. क्लब म्हणतात, आम्ही कोट्यवधी ओततो, आम्हाला पोरे खेळवायची सक्ती का? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तोट्यातल्या क्लबला पराभव परवडत नाही. म्हणून प्रत्येक सामन्यात सक्तीपेक्षा क्लबांचे दुय्यम संघ खालच्या विभागांत, वयाने मोठ्या आणि दांडगट खेळाडूंविरुद्ध, पुरा हंगाम खेळवणे हा मार्ग जास्त व्यवहार्य आहे. २०२२ पासूनची डेव्हलपमेंट लीग चांगली आहे, पण तिथे मुले मुख्यतः आपल्याच वयाच्या मुलांशी झुंजतात, आणि ॲरोजने दिले ते नेमके त्याच्या उलट होते. त्यातच व्यावसायिक कराराच्या घोळात २०२५–२६ चा आयएसएल हंगाम फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबला आणि चौदा संघांच्या एकेरी फेरीवर, म्हणजे प्रत्येक संघाच्या तेरा सामन्यांवर आला. आदल्या वर्षी साखळीत चोवीस सामने होते. सामने जवळपास निम्मे झाले की बाकावरच्या पोराच्या वाट्याला काय येणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, आणि या कपातीत खालिद यांचा काडीचाही दोष नव्हता.

म्हणून पुढच्या शिबिराची यादी जाहीर होईल तेव्हा त्यात तेवीस वर्षांखालचे किती, हे मोजत बसू नये. महासंघाने प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवावा: या खेळाडूने या हंगामात क्लबसाठी किती मिनिटे खेळली आणि कुठल्या जागी. अहमदाबादेत इराणला हरवणारी मुले २०३१ मध्ये एकवीस-बावीस वर्षांची असतील. त्यांच्या नावांपुढच्या त्या रकान्यात काय भरले जाते याचा जाब दर हंगामाच्या शेवटी महासंघाला आणि लीगला विचारता येईल.