मत्स्यटाकीलाही रात्र हवी

दवाखान्यात, दुकानात, शाळेच्या कार्यालयात मत्स्यटाकी असते आणि तिचा दिवा दार उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत चालू असतो. काही ठिकाणी तो विझतच नाही. मग काचेवर हिरवा थर चढतो, झाडांच्या पानांना केसाळ शेवाळ धरते आणि शेवाळ मारण्याचे औषध आणले जाते. औषधात तांबे असेल तर टाकीतल्या गोगलगाई आणि कोळंबी मरतात. शेवाळ मात्र पुन्हा येते. माझे मत असे, की औषधाआधी दिव्याचे बटण बंद करून पाहावे.

वनस्पतीला नुसता प्रकाश पुरत नाही. कार्बन डायऑक्साइड, नत्र, स्फुरद, पालाश, लोह हेही लागते. यातले एक कमी पडले तरी वाढ अडते आणि जास्तीचा प्रकाश शेवाळाच्या कामी येतो, कारण त्याचे थोडक्यात भागते. अनुबियास, जावा फर्न अशी सावकाश वाढणारी झाडे आधी सापडतात. त्यांचे एकेक पान महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे शेवाळाला त्यावर बसायला सवड मिळते.

नव्या टाकीला रोज 6 तास प्रकाश पुरे. दीड-दोन महिन्यांत झाडे रुजली की हळूहळू 8 तासांपर्यंत जावे. शेवाळ वाढू लागले तर एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहावी. खिडकीतून टाकीवर ऊन पडत असेल तर तेही हिशेबात धरावे. अर्थात जास्तीचे खाद्य आणि न बदललेले पाणी यांचा दोष दिव्यावर ढकलू नये.

वेळ रोज तीच हवी, म्हणून टायमर लावावा. आपल्याकडे वीज जाते आणि चकतीचा साधा टायमर तेवढा मागे पडतो. त्यामुळे बॅटरी असलेला टायमर बरा.

“दिवा नसेल तर टाकी शोभत नाही,” असे कोणी म्हणेल. मग शोभेची वेळ निवडा. दुकानात 11 ते 7, घरी दुपारी 2 ते रात्री 10. झाडांची त्याला हरकत नसते.

टाकीतल्या माशांना पापण्या नसतात. उजेड नको झाला तरी त्यांना डोळे मिटता येत नाहीत. त्यांची रात्र आपण दिवा विझवला तरच होते.